झालं का बघून?

या घे किल्ल्या. मोठी कपाटाची, ही पितळेची खालच्या ड्रॉवरची. तिसरी कशाची ते मलाही माहीत नाही, मी रुजू झाले तेव्हा जुडग्यात होती म्हणून तशीच राहू दिली. वरच्या खणात कागद आहेत, मधल्यात पोस्टर कलरच्या बाटल्या, त्यातल्या निम्म्या वाळून दगड झाल्यात. वस्तुचित्रासाठी ती किटली वापरत जा. पोरांना तिची तोटी काही केल्या जमत नाही, रडकुंडीला येतात, पण एकदा किटली जमली की सगळं जमतं. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांना शनिवारी थांबवून घे. आयांचे फोन येतील, गणिताचा क्लास बुडतो म्हणून. अजिबात ऐकू नकोस.

बस ना. तो स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो. या बाकावर बस, माझ्यासमोर.

अपूर्वा, मगाशी तास संपल्यावर तू मला विचारलंस, ‘मॅडम, ती लाल फ्रॉकमधली मुलगी कोणाची? गणवेशात का नाही?’ आणि मी उत्तर द्यायचं सोडून पोरांवर खेकसले, सगळ्यांना बाहेर पिटाळलं. तू बिचारी गोरीमोरी झालीस. पहिलाच दिवस तुझा. पण उद्यापासून हा हॉल तुझा आहे आणि मी इथं नसेन, म्हणून सांगून जाते. पुढचा तास रिकामा आहे. ती खिडकी ओढून घे जरा, या वेळेला समोरच्या शेडचा पत्रा तापला की डोळ्यांवर तिरीप येते.

आधी एक सांगते. मी भूतबीत मानणारी बाई नव्हे. आम्ही बौद्ध, नाशिकच्या उपनगर भागातल्या कॉलनीत वाढले मी. माझ्या आजोबांनी अंगात येणाऱ्या एका बाईला दारातच पाणी पाजून, ‘दमलीस, आता घरी जा,’ म्हणून परत पाठवलं होतं, त्या घरातली मी. वर्गात कोणी हडळीच्या गोष्टी सांगायला लागलं तर मी फळ्याजवळ उभं करते आणि म्हणते, काढ तिचं चित्र, बघू पाय कुठल्या बाजूला आहेत. त्यामुळे मी जे सांगतेय ते हौस म्हणून सांगत नाही.

तू जलरंगात काम करतेस, तुला डोळे बारीक करणं काय शिकवायचं! पण सगळं तिथंच सुरू होतं. आमचे कॉलेजचे सर आम्हाला भल्या सकाळी गोदाघाटावर बसवायचे आणि मागून फिरत ओरडायचे, डोळे बारीक करा, देऊळ दिसता कामा नये, माणूस दिसता कामा नये, नुसता उजेड आणि नुसती सावली दिसली पाहिजे. पापण्या अर्ध्या मिटल्या की खरंच तसं होतं. धुणं धुणारी बाई राहत नाही, एक निळा डाग राहतो. सर म्हणायचे, मन फार बडबडं असतं, ते सारखं नावं सांगत बसतं, हे झाड, ही म्हैस, हा आपला माणूस. त्याला गप्प करा. हात मुका असतो, पण त्याला सगळं माहीत असतं. आणि त्यांचं दुसरं म्हणणं असं, की हिरवं फार झालं की त्यात कुठंतरी एवढासा लाल ठेवायचा, डोळ्याला टेकायला जागा पाहिजे. मी हे दोन्ही इतकं अंगी बाणवून घेतलं की मला त्याचा अभिमान होता. वीस वर्षं तेच शिकवत आले मुलांना.

आता बोधीचं सांगते. माझी मुलगी. शाळेत नाव संबोधी, घरात बोधी. ही एवढी बडबडी पोर, की आंघोळ करतानासुद्धा आतून बोलत राहायची. माझा नवरा अश्विन अगदी अबोल माणूस, तहसील कचेरीत दिवसभर मान खाली घालून काम करतो, तो म्हणायचा, माझ्या वाटचं हीच बोलते. मला मात्र काम करताना चिवचिव चालत नसे. डोळे बारीक करून रंग पकडावा आणि तेवढ्यात कोणी ‘आई, मुंगीला गुडघे असतात का?’ असं विचारावं, की गेलाच रंग. म्हणून मी घरात एक नियम केला. आईचे डोळे बारीक असले की बोलायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. फारच निकड असली तर वर्गातल्यासारखा हात वर करायचा, आणि मी ‘हं, बोल’ म्हटलं की मगच बोलायचं.

तिनं तो नियम कधी मोडला नाही. बाकी सगळे मोडले, दात घासायचा मोडला, चपला जागेवर ठेवायचा मोडला, पण हा नाही. माझ्या शेजारी बसायची तोंडावर बोट ठेवून, आणि मी डोळे पूर्ण उघडले की लगेच विचारायची, ‘झालं का बघून?’ पुष्कळदा मी नाही म्हणायचे. मग परत बोट तोंडावर.

येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. दिंडोरीच्या पुढं माझ्या मामांची, पुंजाराममामांची, अडीच एकर द्राक्षबाग आहे. रविवारी आम्ही तिघं तिकडं गेलो होतो. मण्यांत पाणी भरायला लागलेलं, बागेत औषधाचा आणि गंधकाचा वास, ऊन असूनही अंगात स्वेटर लागावा अशी हवा. मामा आणि अश्विन मोटार बघायला खालच्या विहिरीवर गेले. नवसाबाई म्हणून मामांकडं कामाला असतात, त्या बागेत घडांची विरळणी करत होत्या. मी माझा चित्राचा बोर्ड घेऊन शेततळ्याच्या बांधावर बसले आणि बोधी तिथंच कुठंतरी काड्या गोळा करत होती. नवा लाल फ्रॉक घातला होता तिनं, त्याला पुढं दोन खिसे होते.

शेततळं तू पाहिलंच असशील, नाशिकची आहेस. चारी बाजूंनी मातीचा बांध आणि आत तळापासून वरपर्यंत प्लास्टिकचा कागद. त्यावर शेवाळ धरतं. आत पाय गेला की मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही, जितकी धडपड करावी तितका घसरतो. काठाला मोटारीचा पाईप आत सोडलेला असतो, धरायला तेवढाच.

नवसाबाई पाणी प्यायला आल्या तेव्हा त्यांना एक चप्पल तरंगताना दिसली.

पुढचं सांगत नाही.

नवसाबाई छाती पिटून सगळ्यांना एकच सांगत होत्या, ‘पोरीनं हाक नाय मारली हो. मी हितंच व्हते. एक जरी हाक मारली आसती तं मला आयकू आली आसती.’ त्यावरून सगळ्यांनी ठरवलं, की ती घसरली आणि लगेचच गेली असणार. मला तोच एक आधार होता. आणि दुसरा असा, की माझी पाठ होती. मी बागेकडं तोंड करून बसले होते, शेततळं माझ्या मागं होतं. हे मी हवालदाराला सांगितलं, आईला सांगितलं, तिच्या जलदान विधीला सांत्वनाला जे जे आले त्या प्रत्येकाला सांगितलं. पाठ होती माझी. कोणी काही बोलायच्या आत अश्विनच म्हणायचा, ‘तिची पाठ होती हो, तिला कसं कळणार?’ मला ते दृश्यच आठवत होतं बघ, समोर वेलींच्या रांगा, मागं काहीच नाही.

त्या दिवशीचं अर्धवट चित्र अश्विननं गाडीत टाकून आणलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. मी ते कधी मागितलं नाही.

पाच महिन्यांनी शाळेत यायला लागले. घरी बसून वेड लागायची पाळी आली होती. सुरुवातीला काही नव्हतं. मग एकदा आठवीला स्मरणचित्र शिकवताना मी भाजीबाजार काढून दाखवत होते, हात आपला सवयीनं चालत होता, आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, या मुलीनं हात का वर केलाय?’ मी बघितलं तर मेथीच्या जुड्यांमध्ये एक लाल डाग, आणि त्यातून वर गेलेली एक बारीक रेघ. मी लाल घेतलाच नव्हता. म्हटलं घेतला असेल, आपलं लक्ष नसतं. दुसऱ्या दिवसापासून लाल रंगाची बाटली खालच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. ती पितळेची किल्ली त्याच ड्रॉवरची.

लाल बंद झाला तसं ते वर्गात सुरू झालं.

आपण वर्गासमोर उभं राहतो तेव्हाही डोळे आपोआप बारीक होतात, नाही का? मला तर खोडच आहे. पांढरे शर्ट आणि निळे स्कर्ट, सगळे मिळून पांढरा-निळा पट्टा दिसतो. एका दुपारी, असंच पत्र्यावर ऊन आलेलं, मी डोळे बारीक केले आणि त्या पट्ट्याच्या शेवटाला, तो बघ तो कोपऱ्यातला बाक, तिथं एक लाल डाग. डोळे उघडले तर बाक रिकामा. परत बारीक केले, डाग तिथंच. आणि त्यातून वर गेलेली ती रेघ.

मी ओरडले नाही. पोरांना ‘खाली बघून काम करा’ एवढंच म्हटलं. मग रोज. पाचवीचा तास असो की नववीचा. प्लास्टिक तापल्याचा वास यायचा, ओल्या शेवाळाचा यायचा. पोरं म्हणायची, मॅडम, कसलातरी वास येतोय. मी म्हणायचे, गोंद खराब झालाय. आणि खरं सांगू? मी डोळे बारीक करायचं सोडलं नाही. तासाला पंधरा-पंधरा मिनिटं तशी उभी राहायचे. आई आहे ना मी. डाग तर डाग.

पण त्या हाताचं मला कळेना. तिनं हात का वर केलाय? मला तर ती दिसलीच नव्हती. जे आपण पाहिलंच नाही ते आपल्याला दिसतं कुठून?

गणपती झाल्यानंतरची गोष्ट. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी गेले, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून तो बोर्ड खाली काढला. अश्विनच्या जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. पावणेतीन वर्षं माळ्यावर पडलेल्या चादरीवर धूळ किती असायला हवी? जराशीसुद्धा नव्हती. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. मी गाठ सोडली आणि बोर्ड खिडकीपाशी उभा केला.

चित्र चांगलं झालंय, अपूर्वा. सांगताना स्वतःची लाज वाटते, पण माझ्या हातून उतरलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे. मागं डोंगराची धुरकट निळी कड, डाव्या हाताला बागेचा हिरवा, आणि मधोमध, ऐन मधोमध, शेततळं.

पाठ असती तर ते कागदावर आलंच नसतं.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग माझ्यातली परीक्षक जागी झाली. मी बारा वर्षं पेपर तपासलेत. कुठला रंग ओल्यावर पडला आणि कुठला वाळल्यावर, हे मला कागद बघून कळतं, तुलाही कळेल. पाण्याच्या काठाशी, पाईपच्या रेघेला लागून, लाल होता. दोनदा लावलेला. पहिला डाग ओल्या कागदावर पडलेला, त्याच्या कडा विरघळून पाण्यात पसरल्या होत्या. दुसरा त्याच्या जरा खाली, वाळलेल्या कागदावर, कडा एकदम धारदार. आणि त्या दुसऱ्यातून वर काढलेली एक रेघ, पिवळ्यात थोडा गेरू घालून. अंगाचा रंग.

जानेवारीची कोरडी हवा, दिंडोरीचं ऊन. तेवढा कागद वाळायला किती वेळ लागतो? तूच सांग.

हं. दहा मिनिटं. मीही तेवढीच धरली.

दहा मिनिटं माझी मुलगी त्या पाईपला धरून माझ्या डोळ्यांसमोर होती. माझ्यापासून इथून त्या दारापेक्षा थोडी लांब. फ्रॉक भिजला म्हणून मी रागावेन असंही वाटलं असेल तिला. पण ती ओरडली नाही, कारण आईचे डोळे बारीक होते. तिनं हात वर केला. जसा मी शिकवला होता तसा, सरळ, कोपर न वाकवता. आणि मी तिच्याकडं बघितलं. बघितलं गं. ब्रश बुडवला, हिरव्यात लाल किती छान बसलाय असं मला वाटलं असणार, आणि मी तो हातसुद्धा काढला. फक्त ‘हं, बोल’ म्हणाले नाही.

माझ्या मनाला हे माहीत नव्हतं, शपथेवर सांगते. हाताला माहीत होतं.

मी त्या लाल डागावर बोट ठेवलं. कशासाठी ठेवलं सांगता येणार नाही, पाठ थोपटावी तसं काहीतरी. बोट उचललं तर बोटाला लाल लागला होता. रंग ओला होता.

अश्विन संध्याकाळी आला तेव्हा मी तशीच जमिनीवर बसले होते. त्यानं चित्राकडं बघितलं नाही, माझ्या बोटाकडं बघितलं. मग चपला काढल्या, हातपाय धुऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

‘तुला कधीपासून माहीत आहे?’ मी विचारलं.

‘तिथंच कळलं. बोर्ड उचलला तेव्हा.’

मग एवढा अबोल माणूस बोलायला लागला. म्हणाला, तू नुसती, मला दिसली नाही, मला दिसली नाही, एवढंच बडबडत होतीस. हवालदारानं विचारलं, बाई कुठं बसल्या होत्या? तुझ्या तोंडून शब्द निघेना. म्हणून मीच म्हटलं, तिची पाठ होती. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तूच म्हणालीस. पुढं रोज तुला ते म्हणताना ऐकलं आणि मला वाटलं, राहू दे, एकीला घालवलं, दुसरीला तरी जगू दे.

अपूर्वा, लग्नाला सतरा वर्षं झाली आमच्या. या माणसानं माझ्यासाठी एक खोटं वाक्य केलं, आणि मी त्यात पावणेतीन वर्षं राहिले, भाडेकरूसारखी, आणि मला कळलंसुद्धा नाही. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. तो रडला नाही. तो म्हणाला, ‘तू रविवारी विहारात गेलीस की मी ते काढून बघतो. वाळलं की जाळून टाकायचं ठरवलं होतं. वाळतच नाही, रोहिणी...’

आता तू विचार कर. ओला रंग उचलता येतो. स्वच्छ ओलसर ब्रश टेकवायचा, रंग ब्रशमध्ये येतो, खाली पांढरा कागद उरतो. हे आपण सहावीच्या पोरांना शिकवतो. माझ्या डोक्यात एकदम तेच आलं. मी उठले, ब्रश धुतला, झटकला. ती पाण्यात आहे, अजून ओली आहे, अजून काढता येते. माझा हात कागदाला लागणार तेवढ्यात अश्विननं मनगट धरलं.

‘काढलीस तर ठेवशील कुठं तिला?’

मी ब्रश खाली ठेवला. मग मला कळलं काय करायचं राहिलंय ते. मी चित्रासमोर नीट बसले, डोळे सताड उघडे ठेवले, पापणीसुद्धा हलू दिली नाही, आणि म्हटलं, ‘झालं माझं बघून, बोधी. हं, बोल.’

आम्ही दोघं ऐकत बसलो. दिवे लागले, शेजारच्यांचा टीव्ही लागला, बंद झाला. अश्विनचा श्वास, माझा श्वास. काही नाही. ती काही बोलली नाही.

सकाळी बघितलं तर लाल वाळला होता. कडकडीत. आणि त्याच्यावरची ती हाताची रेघ कागदावर नव्हती. अश्विननं नखानं डाग खरवडून बघितला आणि तेव्हा तो रडला, त्या दिवशी तळ्यावर रडला नव्हता तसा. वाळला म्हणजे संपलं ना. ओला होता तोवर ती काठाशी तरी होती.

त्या दिवसानंतर वर्गात काही नाही. मी डोळे बारीक करते, अगदी दुखेपर्यंत करते. पांढरा-निळा पट्टा आणि कोपऱ्यातला बाक रिकामा. लोकांना वाटतं, भीती गेली की माणूस सुटतो. मला विचार. मला ती भीती परत हवी होती. दोन महिने मी या हॉलमध्ये फळ्याला टेकून त्या बाकाकडं बघत काढले, आणि मग ऑफिसात जाऊन राजीनामा दिला. म्हटलं, ती मला माफ करून गेली की माझ्याशी न बोलताच गेली, हेच कळत नसेल तर इथं उभं राहून मुलांना काय शिकवणार?

आणि आज, माझ्या शेवटच्या दिवशी, तू मला विचारतेस, ती लाल फ्रॉकमधली मुलगी कोणाची. पोरांवर खेकसले खरी, पण तेव्हा आनंदानं माझं काळीज उडालं होतं. आहे, म्हणजे आहे ती. म्हणून तुला सांगतेय, घाबरू नकोस तिला. तू डोळे बारीक केले असशील, सवयच असते आपल्याला. कोपऱ्यातल्या बाकावर दिसली ना?

काय?

डोळे बारीक केलेच नव्हते? मग... चांगली दिसली तुला? खिसे दिसले, दोन? फ्रॉकला, पुढं?

कोपऱ्यात नव्हती...

हळू बोल. माझ्या मागं. मी फळ्याकडं गेले तेव्हा मागं, टेबलाकडं आले तेव्हा मागं, असंच ना? सबंध तासभर. आणि मी मेली समोर बघत होते, दोन महिने समोरच बघत होते.

नाही, मी वळत नाही. तू सांग. हात वर होता तिचा? नव्हता. बरं. मग काय करत होती ती?

...

‘डोळे बारीक करून तुमच्याकडं बघत होती.’ असंच म्हणालीस ना?

म्हणजे ती बघतेय. मी चित्र काढताना बघायचे तसं. तरीच. तरीच ती बोलली नाही त्या रात्री, तिचं बघून झालं नसेल. आणि मी मूर्ख बाई तिला मध्येच बोल म्हणाले. नियम माझाच आहे गं, कोणाचे डोळे बारीक असले की आपण बोलायचं नाही. ती दहा मिनिटं थांबली. मला थांबावं लागेल तितकं थांबायला हवं.

तू जा आता, घंटा होईल. पुढचा वर्ग खालीच बसव. दार नुसतं लोटून घे. आणि जाता जाता एवढं सांग, माझ्या पदराचं टोक मागून ओलं आहे का? सकाळपासून खांद्यावर ओढ लागतेय.

असू दे, पिळू नकोस. हात लावू नकोस तिथं.

हा हात? हा मी वर केलाय. मला तिच्याशी फार निकडीचं बोलायचं आहे. तू जा.